पाण्यात सोडलेली मासळी कोणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "ऑप्टिमल कंट्रोल मला येतं. पोंत्र्यागिनचं तत्त्व, बेलमनचं समीकरण, रिकाटी, हे सगळं एका नियंत्रकासाठी मी सोडवू शकतो. पण प्रकल्पासाठी पणजीजवळच्या मालीम जेटीवरचे ट्रॉलर घेतले आहेत, आणि तिथे प्रत्येक मालक आपला निर्णय आपण घेतो. प्रत्येकाचं ऑप्टिमल कंट्रोल वेगळं सोडवून, उत्तरं जुळेपर्यंत फिरवत राहिलं तर चालेल का? की सरळ मल्टि-एजंट रीइन्फोर्समेंट लर्निंग लावावं?"

ऑप्टिमल कंट्रोल म्हणजे काळाबरोबर बदलणारी गोष्ट सर्वांत फायद्याची ठरेल अशी हाताळण्याचं गणित; मल्टि-एजंट रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणजे अनेक संगणकीय निर्णयकर्त्यांनी (एजंटांनी) करून पाहत, बक्षिसाच्या आधाराने शिकणं. दोन्ही मार्ग चालतात. पण दोन्हींच्या आधी तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल, आणि ती तुमच्या प्रश्नात कुठेच आलेली नाही: कोणाला काय दिसतं, केव्हा दिसतं, आणि एकदा जाहीर केलेला बेत मधेच बदलायची मुभा कोणाला आहे. एका नियंत्रकाच्या गणितात हा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, म्हणून अभ्यासक्रमात तो वगळला तरी कुणाचं अडत नाही. दुसरा निर्णयकर्ता आला की उत्तराचा आकडाच त्यावर ठरतो. बोटी त्याच, मासे तेच, खर्चाची सूत्रं तीच, आणि तरी उत्तर वेगळं. माझ्या कामात मला हे इतक्या वेळा भेटलं आहे की आता कोणाचंही मॉडेल हातात आलं की मी समीकरणांच्या आधी हाच भाग शोधते.

आधी एकट्याची गोष्ट. १९५०च्या दशकात दोन वाटांनी हा विषय उभा राहिला. मॉस्कोत पोंत्र्यागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅक्सिमम प्रिन्सिपल मांडलं: आरंभीच्या क्षणी बसून अखेरपर्यंतचा सगळा बेत आखायचा. अमेरिकेत रिचर्ड बेलमन यांनी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग दिलं: बेत आखण्याऐवजी नियम बनवायचा, 'अवस्था अमुक असेल तर तमुक कर' (अवस्था म्हणजे या क्षणी गोष्ट कुठे आहे, उदाहरणार्थ साठा किती आहे). पहिल्याला ओपन-लूप म्हणतात, दुसऱ्याला फीडबॅक. यदृच्छ धक्के नसतील आणि नियंत्रक एकच असेल, तर दोन्हींतून मिळणारा प्रत्यक्ष मार्ग तंतोतंत एकच येतो. त्यामुळे आपल्याला सवय लागते की हा फक्त सोडवण्याच्या पद्धतीतला फरक आहे. ही सवय दोन नियंत्रकांच्या प्रश्नात घेऊन गेलात तर घोटाळा होतो. ए. डब्ल्यू. स्टार आणि यू-ची हो यांनी १९६९ मध्ये बेरीज शून्य नसलेल्या डिफरन्शियल गेमबद्दल (काळाबरोबर बदलणाऱ्या अवस्थेवरचे खेळ, ज्यांत एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटाच असं नसतं) लिहिताना हे स्पष्ट दाखवलं: ओपन-लूप समतोल आणि फीडबॅक समतोल हे दोन वेगळे समतोल आहेत. समतोल, म्हणजे नॅश समतोल: एकट्याने आपला निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती.

आता तुमच्या मासळीकडे येऊ. यासाठी डेव्हिड लेव्हारी आणि लिओनार्ड मिरमन यांनी १९८० मध्ये दिलेलं मॉडेल मला फार आवडतं, कारण ते कागदावर पूर्ण सुटतं. साठ्याचं एकक असं घ्या की मासेमारीच नसेल तर साठा १ वर स्थिरावतो. हंगामात जेवढी मासळी पाण्यात उरेल, तिचं वर्गमूळ हा पुढच्या हंगामाचा साठा. म्हणजे ०.२५ उरली तर पुढे ०.५ होते. प्रत्येक ताफ्याचा फायदा म्हणजे त्याने पकडलेल्या मासळीचा लॉगरिदम, आणि पुढच्या वर्षीचा फायदा आज ०.९ पट मोलाचा.

सगळे ताफे एकाच मालकाचे असते तर बेलमनचं समीकरण सांगतं: दर हंगामात ४५ टक्के साठा पाण्यात सोडा, ५५ टक्के काढा. हा ०.४५ कुठून आला? वर्गमूळाचा घातांक ०.५, गुणिले ०.९. साठा ०.४५ वर स्थिरावतो आणि दर हंगामात ०.२४७५ एवढी मासळी मिळते.

आता दोन स्वतंत्र ताफे घ्या. दोघांनाही साठा दिसतो आणि दोघेही 'साठ्याचा इतका हिस्सा काढीन' अशा नियमाने चालतात. मूल्यफलन (आजच्या साठ्यापासून पुढे मिळणाऱ्या एकूण फायद्याचं सूत्र) लॉगरिदमच्या रूपात धरलं की पहिल्याचं उत्तर मिळतं: दुसरा जो हिस्सा काढणार आहे तो वगळून जे उरतं, त्याचे ५५ टक्के मी काढतो. दोघं सारखेच, म्हणून प्रत्येकाचा हिस्सा ०.५५ भागिले १.५५, म्हणजे ३५.५ टक्के. पाण्यात उरते २९ टक्के. साठा ०.२९ वर येतो आणि दोघांची मिळून मिळकत ०.२०६. दोघं मिळून जास्त जोर लावतात आणि दोघं मिळून कमी कमावतात. ताफे दहा केले तर पाण्यात साडेसात टक्के उरतात आणि दहाही जणांची मिळून मिळकत ०.०७ वर घसरते, म्हणजे एकट्या मालकाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी.

इथवर 'सामायिक मालमत्तेची लूट' म्हणून सगळ्यांना माहीत असलेलीच कथा आहे. खरी गंमत पुढे आहे. तेच दोन ताफे घ्या. फक्त एवढाच बदल करा की हंगामांच्या सुरुवातीलाच दोघांनी आपापले आकडे जाहीर केले, या वर्षी इतके टन, पुढच्या वर्षी इतके, आणि मग ते आकडे बदलायचे नाहीत. दोघंही स्वार्थीच आहेत, कोणी कोणाशी करार केलेला नाही. हा ओपन-लूप नॅश समतोल सोडवा. पाण्यात पुन्हा ४५ टक्के उरतात. ताफे दहा असले तरीही ४५ टक्केच. एकट्या मालकाचंच उत्तर, कसलीही सक्ती न करता.

कारण नीट समजून घ्या, कारण सगळा विषय या एका कारणात आहे. मी आज एक टोपली मासळी पाण्यात सोडली. शेजाऱ्याचे टन ठरलेले असतील, तर त्या टोपलीतून पुढच्या वर्षी जी वाढ होईल ती सगळी माझीच, कारण त्याचा आकडा माझ्या टोपलीमुळे हलत नाही. पण शेजारी साठ्याच्या हिश्शाने काढत असेल, तर साठा वाढला की त्याचं जाळंही आपोआप वाढतं, आणि मी सोडलेल्या टोपलीच्या वाढीतले ३५.५ टक्के तो नेतो. माझ्या संयमाचा मोबदला ६४.५ टक्क्यांवर आला. आता गुणाकार करून पाहा: ०.४५ गुणिले ०.६४५ बरोबर ०.२९. उरलेल्या साठ्याचा आकडा नेमका तोच. दुसऱ्याचा फीडबॅक नियम माझ्या बचतीवर कर बसवतो आणि मी त्याच प्रमाणात बचत कमी करतो.

समीकरणात ही गोष्ट कुठे दिसते तेही सांगते. पोंत्र्यागिनची पद्धत वापरून प्रत्येक खेळाडूचं कोस्टेट समीकरण (कोस्टेट म्हणजे अवस्थेत थोडी भर पडली तर त्या भरीची त्याच्या लेखी किंमत) लिहिताना, फीडबॅक समतोलासाठी एक जादा पद येतं: दुसऱ्याच्या नियमाचा अवस्थेसापेक्ष डेरिव्हेटिव्ह. विद्यार्थी हमखास हे पद विसरतात, आणि मग ओपन-लूप उत्तर काढून त्याला फीडबॅक म्हणतात. तुमच्या प्रबंधात परीक्षक सगळ्यात आधी हेच पद शोधेल.

पण याचा अर्थ 'डोळे मिटून टन ठरवा' असा घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर तारली आणि बांगडा यांचं प्रमाण वर्षागणिक केवढं वरखाली होतं, हे कोणताही तांडेल सांगेल. वाईट वर्षात ठरलेले टन काढत राहिलात तर साठाच संपेल. यदृच्छ धक्के आले की फीडबॅक लागतोच. शिवाय ओपन-लूप समतोलाला एक अंगभूत कमजोरी आहे: एकाने चुकून किंवा मुद्दाम ठरल्यापेक्षा जास्त काढलं, तर बाकीच्यांचे जुने आकडे आता त्यांच्याही हिताचे राहत नाहीत, आणि तरी मॉडेल त्यांना त्याच आकड्यांना बांधून ठेवतं. फीडबॅक समतोल अशा प्रत्येक बिघडलेल्या अवस्थेतही टिकतो. म्हणून प्रत्यक्षातल्या चांगल्या व्यवस्था एकूण आकडा साठ्याच्या पाहणीनुसार दरवर्षी बदलतात, पण प्रत्येकाचा वाटा आधी बांधून टाकतात. मग साठा सगळ्यांना दिसतो, आणि तरी माझ्या संयमातला शेजाऱ्याचा भाग वाढत नाही.

गोव्यात आज काय आहे? १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारी बंदी आहे. ही बंदी दिवसांवर आहे, टनांवर नाही. म्हणजे वर्षातले दोन महिने सगळ्या यांत्रिक बोटींचं नियंत्रण शून्यावर बांधलं आहे आणि उरलेल्या दहा महिन्यांत फीडबॅक खेळ मोकळा. मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा, शापोरा, सगळीकडे १ ऑगस्टनंतरची घाई तुम्ही पाहिली असेल. दिवस बांधले की स्पर्धा अश्वशक्तीत, जाळ्यांच्या आकारात आणि दिव्यांत जाते. एलईडी दिव्यांनी मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली ती याच शर्यतीमुळे. तुमच्या मॉडेलमध्ये नियंत्रण म्हणून 'समुद्रात घालवलेले दिवस' एवढंच घेतलंत तर हा भाग पूर्ण निसटेल. दिवसाची पकड हीसुद्धा मालकाच्या हातातली गोष्ट आहे, ती भांडवली गुंतवणुकीतून हळूहळू वाढते, म्हणून तिला दुसरी अवस्था माना.

रापणकारांनाही, म्हणजे रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनाही, विसरू नका. १९७०च्या दशकातलं त्यांचं आंदोलन आणि त्यानंतरचा १९८०चा गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायदा हा इथला इतिहास आहे, पण गणितातही त्यांची जागा वेगळी आहे. रापण किनाऱ्यावरून ओढली जाते. तिला मिळणारी मासळी म्हणजे खोल पाण्यातल्या बोटींच्या जाळ्यांतून सुटून किनाऱ्याशी आलेली मासळी. दोन खेळाडू सममित आहेत असं धरून काढलेलं कुठलंही सूत्र इथे लागू नाही. एकाच्या निर्णयाने दुसऱ्याची अवस्था बदलते, उलट दिशेने परिणाम नगण्य. गोवा आणि कर्नाटक यांच्यात वाद असलेल्या म्हादई नदीच्या पाण्याचंही तसंच आहे: पाणी वरून खाली येतं, त्यामुळे वरचा आधी चाल करतो आणि खालचा उरलेल्यावर. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये वाटे टीएमसीत (अब्ज घनफुटांत) ठरवून दिले, कर्नाटकाला १३.४२, म्हणजे एका अर्थी ओपन-लूप आकडे. पाऊस मात्र दरवर्षी वेगळा. कमी पावसाच्या वर्षी कोणाचा वाटा किती घटायचा, हाच तिथला फीडबॅकचा प्रश्न. हे उदाहरण इथेच सोडते. त्यात कायद्याचा भाग गणिताहून मोठा आहे.

तुमची 'उत्तरं जुळेपर्यंत फिरवत राहणं' ही पद्धत तपासायला मी एक छोटा हिशेब देते. कोड लिहिल्यावर आधी हे आकडे येतात का पाहा. खाजनात (खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात) पाणी तुंबलं आहे, दोन शेजाऱ्यांचे दोन पंप आहेत. हव्या पातळीपेक्षा पाणी जितकं वर, ते अंतर म्हणजे अवस्था. अंतर घटण्याचा वेग म्हणजे दोन्ही पंपांच्या जोराची बेरीज. प्रत्येकाचा खर्च म्हणजे अंतराचा वर्ग अधिक स्वतःच्या जोराचा वर्ग, अनंत काळापर्यंत जमा केलेला. सुरुवातीचं अंतर १.

दोघांनी मिळून ठरवलं तर प्रत्येकाचा जोर अंतराच्या १ पट आणि प्रत्येकाचा खर्च ०.५. ओपन-लूप नॅशमध्ये जोर ०.७०७ पट, खर्च ०.५३. फीडबॅक नॅशमध्ये जोर ०.५७७ पट आणि खर्चही ०.५७७ (दोन्ही आकडे सारखे येणं या विशिष्ट हिशेबातच घडतं, त्यात गूढ काही नाही). पुन्हा तोच क्रम. कारण या वेळी असं: पाणी दोघांना दिसतं, म्हणून मी आज पंप थोडा मंद ठेवला की उद्या पातळी जास्त दिसेल आणि शेजारी आपोआप जोर वाढवील. दोघंही हे ओळखून आहेत, म्हणून दोघंही मंद. पाणी लवकर उतरत नाही.

आता फिरवून पाहा. शेजाऱ्याचा पट धरून माझं उत्तम उत्तर असं निघतं: त्याच्या पटाच्या वर्गात १ मिळवून वर्गमूळ घ्या, त्यातून त्याचा पट वजा करा. शून्यापासून सुरू केलं तर १, मग ०.४१४, ०.६६८, ०.५३५, ०.५९९, ०.५६६, असं दोन्ही बाजूंनी हेलकावे घेत ०.५७७ कडे येतं. इथे पद्धत चालली. पण ती नेहमी चालेल याची हमी नाही. खेळाडू वाढले, किंवा एकमेकांच्या कृतीला उत्तर देण्याची धार वाढली, की हेच हेलकावे मोठे होत जातात. तेव्हा नव्या उत्तराकडे पूर्ण उडी न मारता अर्धं जुनं, अर्धं नवं घ्यावं. दुसरी अडचण गहन आहे: जोडलेल्या रिकाटी समीकरणांना (ज्यांतून असे पट निघतात) एकापेक्षा जास्त उकली असू शकतात. एका नियंत्रकाच्या रिकाटीत आपल्याला स्थिरता देणारी एकमेव उकल मिळायची सवय असते. खेळात तुमचा कोड ज्या उकलीवर थांबला ती सुरुवातीच्या अंदाजामुळे मिळालेली असू शकते. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून पाहिल्याशिवाय 'समतोल मिळाला' असं लिहू नका.

एक अपवाद नोंदवते. पूर्ण विरोधाच्या खेळात, म्हणजे एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा असेल तेव्हा, चित्र बरंच सोपं होतं. रुफस आयझॅक्स यांनी रँड संस्थेत १९५०च्या दशकात पाठलाग आणि पलायनाच्या प्रश्नांतून डिफरन्शियल गेमचा पाया घातला तो याच प्रकारासाठी. तिथे एकच मूल्यफलन पुरतं आणि बेलमनच्या समीकरणात कमाल-किमान एकत्र येतात. पण मासेमारी, पाणी, रस्ते, वीज, यांत हितं अर्धी जुळतात आणि अर्धी भांडतात. तिथे प्रत्येकाचं मूल्यफलन वेगळं, आणि ती सगळी एकदम सोडवावी लागतात.

हितं पूर्ण जुळली म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. १९६८ मध्ये विट्सनहाउझेन यांनी एक लहानसं उदाहरण दिलं: दोन नियंत्रक, दोघांचं ध्येय एकच, प्रणाली रेखीय, खर्च वर्गात्मक, गोंगाट गाउसियन. सगळ्यांची अपेक्षा होती की उत्तम नियमही रेखीयच निघेल. निघाला नाही, कारण दोघांना दिसणारी माहिती वेगळी होती. कंट्रोलवाल्यांनी हे उदाहरण उशाशी ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता 'शब्द मोडण्याची मुभा' हा दुसरा अर्धा भाग. तुमच्या प्रकल्पात सरकार हाही खेळाडू आहे आणि तो आधी चाल करतो. याला श्टाकेलबर्ग खेळ म्हणतात. गतिशील श्टाकेलबर्गमध्ये एक खोच आहे. नेत्याने आज जाहीर केलेली उत्तम योजना उद्या त्याच्याच दृष्टीने उत्तम राहत नाही. बंदी कडक राहील म्हटल्यावर मालकांनी जादा इंजिनात पैसे घातले नाहीत. आता पैसे वाचले आहेत, तर या वर्षी थोडी सूट द्यायला काय हरकत, असा मोह नेत्याला होतो. मालकांनाही हे कळतं, म्हणून ते पहिल्यापासूनच घोषणेवर विसंबत नाहीत. किडलंड आणि प्रेस्कॉट यांनी १९७७ मध्ये आर्थिक धोरणाबद्दल हीच विसंगती दाखवली. तुमच्या कोडमध्ये नेता शब्दाला बांधलेला आहे की दर पावलाला नव्याने ठरवतो, हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत.

खाजनातली मानस (बांधातली पाण्याची दारं असलेली वाट) हे याचं मी पाहिलेलं सर्वांत चांगलं उदाहरण, आणि ते आपल्या दाराशी आहे. मानशीची दारं ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतात आणि भरतीला मिटून खारं पाणी अडवतात. मानशीतल्या मासळीचा हक्क ठरावीक मुदतीसाठी लिलावात जातो. लिलाव घेणाऱ्याला भरतीचं पाणी आत यायला हवं, कारण त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि मासे येतात. शेतकऱ्याला ते अजिबात नको; कोरगूट हे भाताचं वाण खारं सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. दार एक, हात एकाचा, परिणाम दोघांवर. अवस्था दोन: पाण्याची पातळी, जी काही तासांत बदलते, आणि जमिनीतला खारेपणा, जो हळूहळू चढतो आणि शेतकऱ्याला बऱ्याचदा पीक बिघडल्यावरच कळतो.

आता पोंत्र्यागिन लावा. लिलाव घेणाऱ्याचा कालावधी संपतो त्या क्षणी जमिनीच्या अवस्थेला त्याच्या हिशेबात काहीही किंमत नसते. ट्रान्सव्हर्सॅलिटीची अट (मुदतीच्या शेवटच्या क्षणाला लागू होणारी) सांगते की अखेरीस खारेपणाचा कोस्टेट शून्य. म्हणजे मुदत संपत येईल तसं दार जास्त उघडं राहणार, बांधाकडे लक्ष कमी होणार. कोणी वाईट वागतं म्हणून असं होत नाही, मुदतीच्या रचनेतूनच होतं. उपायही त्याच अटीतून निघतो: अखेरच्या अवस्थेला किंमत द्या. अनामत रक्कम ठेवा आणि ती परत करताना खारेपणा व बांधाची स्थिती मोजून तिच्यातून वजावट करा. गणितात हा टर्मिनल कॉस्ट, व्यवहारात कराराचं एक कलम. ही वजावट शेताच्या खऱ्या नुकसानीइतकी असेल, तर अखेरच्या हंगामातही दार हाताळणारा जमिनीची किंमत धरूनच चालतो. गावकरी पद्धतीत (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेत) पूर्वी मानशीची आणि बांधांची जबाबदारी अशा लोकांकडे होती जे मुदत संपल्यावरही त्याच गावात, त्याच शेतावर राहणार होते. त्यांचा कालावधी व्यवहारतः अनंत होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच, सामायिक साधनं टिकवणाऱ्या स्थानिक व्यवस्थांच्या अभ्यासाबद्दल.

इथे एक आशेची बाजूही आहे. फीडबॅकमुळे संयम घटतो हे वर आलं, पण एकमेकांवर लक्ष असणं हेच सहकार्याचं हत्यारही होतं. दुसऱ्याने काय केलं हे आठवणीत ठेवून वागता येत असेल, आणि भविष्याला पुरेशी किंमत असेल, तर 'तू ठरलेलं पाळ, मी पाळीन. मोडलंस तर पुढची काही वर्षं मी जुन्या शर्यतीवर जाईन' हाही समतोल ठरतो. अट एवढीच की मोडणं वेळेत कळलं पाहिजे. म्हणून जेटीवर उतरलेल्या मासळीची रोजची, उघड नोंद ही माझ्या मते कोणत्याही दंडापेक्षा मोलाची. तुमच्या अवस्थेत 'मागच्या हंगामात कोणी ठरल्यापेक्षा जास्त काढलं का' हा एक होय-नाही चल घाला आणि काय फरक पडतो ते पाहा.

लर्निंगबद्दल. ते जरूर वापरा, पण त्याने माहितीचा प्रश्न टळत नाही, फक्त लपतो. एजंटच्या निरीक्षणात तुम्ही काय भरता तीच तुमची माहितीरचना. साठा दिलात तर फीडबॅक खेळ, फक्त वेळ दिलीत तर ओपन-लूप, मागचा इतिहास दिलात तर धमकीचे समतोलही शक्य. आणि सर्वांना एकत्रित बक्षीस दिलंत तर ती टीम झाली. मग 'आमचे एजंट सहकार्य शिकले' असं लिहिणं योग्य नाही, तुम्ही त्यांना एक मालक दिला आहे. पंपांच्या हिशेबात आपापलं बक्षीस आणि दोघांना दिसणारी पातळी दिल्यावर एजंट ०.५७७ च्या आसपास स्थिरावले तर प्रशिक्षण ठीक चाललं आहे. १ वर गेले तर आधी बक्षिसाचं सूत्र तपासा.

प्रशिक्षण संपल्यावर बक्षिसाचा आलेख सपाट झाला एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक एजंटसाठी बाकी सगळ्यांचे नियम गोठवा. आता तो साधा एका नियंत्रकाचा प्रश्न झाला, जो तुम्हाला आधीपासूनच येतो. तो नीट सोडवा आणि त्या एजंटला एकट्याने बदलून किती जादा मिळालं असतं ते मोजा. सगळ्यांत मोठा आकडा हे तुमच्या समतोलापासूनचं अंतर. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक कामांत हा आकडा काढलेलाच नसतो, आणि काढला की निष्कर्ष बदलतात.

बोटींची संख्या शेकड्यात गेली तर प्रत्येकाचं मूल्यफलन वेगळं सोडवणं अशक्य होतं. त्यासाठी २००६च्या सुमारास लास्री आणि लिऑन्स यांनी, आणि स्वतंत्रपणे ह्वांग, केन्स व मालामे यांनी मीन-फील्ड गेम आणले: प्रत्येक जण समोर एक सरासरी गर्दी धरतो, आणि त्या सगळ्यांच्या निर्णयांतून तीच गर्दी पुन्हा तयार व्हावी लागते. गणना आवाक्यात येते. पण त्यात एकट्या बोटीचा साठ्यावरचा परिणाम शून्य धरला जातो, म्हणजे संयमाचं कारणच उरत नाही. मालीमला मोजके मोठे मालक आणि बरेच लहान मालक असतील, तर मोठ्यांना खेळाडू माना आणि लहानांना मीन-फील्ड.

शेवटी तुमच्या डेटाबद्दल, कारण माझ्या मते तुमचा प्रकल्प इथेच उभा राहील किंवा पडेल. वरच्या सगळ्या मॉडेलांत साठा दिसतो असं धरलं आहे. समुद्रात साठा कोणालाच दिसत नाही, दिसते ती फेरीमागची पकड. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. साठा अर्धा झाला तरी थवे दाटच राहतात, आणि थवा सापडला की जाळं पूर्वीसारखंच भरतं. त्यामुळे पकड बराच काळ चांगली दिसते आणि मग एकदम कोसळते. फेरीमागची पकड साठ्याच्या सम प्रमाणात आहे असं निरीक्षण-समीकरण लिहिलंत तर तुमचे एजंट निर्धास्त राहतील. त्याऐवजी साठ्यावर १ पेक्षा कमी घातांक ठेवा, उदाहरणार्थ ०.३ आणि ०.६, आणि वरचे तिन्ही हिशेब, म्हणजे एक मालक, ठरलेले टन आणि साठा पाहून चालणारे ताफे, दोन्ही घातांकांसाठी पुन्हा चालवा. माझा अंदाज असा की घातांक लहान असताना एक मालकसुद्धा उशिरा जागा होईल, आणि तेव्हा खेळ कोणता यापेक्षा साठ्याची स्वतंत्र पाहणी किती वर्षांनी होते हाच चल सगळ्यांत जास्त फरक पाडेल. तो चल मॉडेलमध्ये आजच घाला. नंतर घालायला गेलात तर सगळी मूल्यफलनं पुन्हा सोडवावी लागतील.